बारसं न झालेली

(आयर्लंडमधली एक बुटकी टेकडी. माथ्यावर पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी थडगं. पायवाटेनं तिघं चढताहेत: स्वराली, तिचा नवरा अनीश आणि कराडहून आलेली सासू अलकनंदा.)

स्वराली : चोर आहेत ते. चोराला चोर म्हणायला मी घाबरत नाही. माझं बाळ माझ्या कुशीतून उचलून नेलं आणि मला न विचारता जाळून टाकलं. वर म्हणतात, ‘सॉरी फॉर युअर लॉस’. लॉस! मी काय त्याला बाजारात हरवून आले?

अनीश : हळू बोल, स्वरा. मागून माणसं येतायत.

स्वराली : येऊ देत. मंगळवारी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांसमोर हेच बोलणार आहे. तेही इंग्लिशमध्ये, म्हणजे तोंड लपवायला जागा नको.

अलकनंदा : पोरी, बस जरा ह्या दगडावर. चढताना भांडलं की धाप लागती.

स्वराली : तुम्ही दमलात का, आई?

अलकनंदा : मी? ह्याला डोंगर म्हणत्यात व्हय? आगाशिव चढती मी अजून, तेबी अनवाणी. दम तुला लागलाय. बाळंतपण झालेलं अंग हाय तुझं, लेकरू हाती न्हाई म्हणून ते खोटं होत न्हाई.

स्वराली : हे इथे मला कुणीच म्हणालं नाही.

अलकनंदा : दात न आलेलं लेकरू आपल्यात जाळत न्हाईत, पुरत्यात. फोनवर तुला बोलले खरी, पर तवा सगळं उरकलं होतं.

स्वराली : तोवर मला वाटत होतं, आपल्यात असंच असतं. मलाही कुठे माहीत होतं? पण कुणी विचारलं असतं तर मी तुम्हाला फोन केला असता ना. एक फोन. आणि राखसुद्धा नाही हातात. एवढ्याशा जिवाची राख उरत नाही म्हणे. पावलांच्या ठशांचा एक कागद काय तो आहे, प्रेसमध्ये, कपबशांच्या मागे.

अनीश : कपाटात, आई. इथं कपाटाला प्रेस म्हणतात.

अलकनंदा : ते कळलं मला. कपबशांच्या मागं का, ते इचारत न्हाई मी. मग आज हितं कशाला आणलंस आमाला?

स्वराली : ऑफिसातली ओरला म्हणाली, जाऊन ये. तिच्या आजीचा भाऊ वर आहे. जन्मला आणि गेला. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून चर्चने आपल्या जमिनीत घेतला नाही. मग गावातली अशी पोरं इथे आणून पुरायची, या जुन्या थडग्याच्या आडोशाला.

अलकनंदा : म्हंजे बारसं न झालेली.

स्वराली : हो, आई.

अलकनंदा : आन् देवाच्या माणसांनी दार लावलं! चल. बघू दे मला ती.

अनीश : सावकाश. शेवटचा चढ निसरडा आहे, मेंढ्यांनी चिखल केलाय. हात दे.

अलकनंदा : तिला दे हात. मी येती माझी.

स्वराली : नको. आले मी.

अलकनंदा : हेच का ते? एवढा ढीग दगडांचा?

अनीश : आत खोली आहे. जाळीचं दार बंद आहे, पण टॉर्च लावतो, वाकून बघ. भिंतीवर गोल गोल कोरलंय.

अलकनंदा : जात्याच्या तोंडासारखं दिसतंय. काय सापडलं म्हणं आत?

अनीश : या फलकावर लिहिलंय. हाडं. जाळलेली. मोठ्यांची, आणि लहान मुलांचीसुद्धा.

स्वराली : पुन्हा वाच.

अनीश : लहान मुलांचीसुद्धा.

स्वराली : म्हणजे जाळली, आणि मग उचलून इथवर आणली. एवढाले दगड ओढून खोली बांधली, नक्षी काढली, आणि आत ठेवली. अंगावर कातडी पांघरणारी माणसं! आई, आता जाळल्याचं मला एवढं नाही वाटत. ठेवलं कुठेच नाही, त्याचं वाटतं. त्याच्यासाठी मी कुठे जाऊन उभी राहू? आपल्या सँट्रीच्या फ्लॅटमध्ये, प्रेससमोर?

अलकनंदा : रड. मला धरून रड... ते बघ, तिकडं गवतात. बारके बारके धोंडे. तीच का पोरं?

स्वराली : तीच. एकावरही नाव नाही. ओरला म्हणाली, बाप एकटा यायचा, अंधार पडल्यावर, बाळाला खोक्यात घेऊन. आईला आणायचे नाहीत. कुठल्या दगडाखाली आहे, हे कित्येकींना मरेपर्यंत कळलं नाही.

अलकनंदा : का सांगत नव्हते?

स्वराली : तिला त्रास नको म्हणून.

अनीश : चला उतरू या. पाऊस येतोय.

अलकनंदा : त्यो ढग लांब हाय अजून. तुझं तोंड का रे असं उतरलंय?

अनीश : मी ग्रँड आहे, आई. म्हणजे, बरा आहे.

स्वराली : मंगळवारी मी ग्रेसचं नाव घेणार. ती नर्स, आई. ठशांचा कागद माझ्या हातात देताना रडली होती. मला वाटलं, हिला तरी काळीज आहे. आणि तिनेच नेलं त्याला.

अनीश : ग्रेसचं नाव घेऊ नकोस.

स्वराली : का?

अनीश : तिची नोकरी जाईल.

स्वराली : जाऊ दे.

अनीश : तिची चूक नाही, स्वरा.

स्वराली : तुला काय माहीत?

अलकनंदा : अनीश, माझ्याकडं बघून बोल. धोंड्याकडं काय बघतोस?

अनीश : तिनं विचारलं होतं.

स्वराली : कुणाला?

अनीश : मला. बाहेर, कॉरिडॉरमध्ये. म्हणाली, तुमच्यात काय करतात? मी म्हटलं, आम्ही हिंदू, आम्ही जाळतो. विचारसुद्धा केला नाही. वाटलं, एवढं तरी आपल्याला माहीत आहे.

अलकनंदा : मला फोन करायचास की रे.

अनीश : तिकडं पहाट होती. तुला झोपेतनं उठवून हे सांगायला जीभ उचलेना.

अलकनंदा : आन् नंतर? ही पोर दारोदार भांडत फिरती, आन् तू गप?

अनीश : ती अंथरुणातनं उठत नव्हती, आई. मग भांडायला लागली, तशी जेवायला लागली. मला वाटलं, भांडू दे.

अलकनंदा : स्वराली, ह्याला बोल, मार, काय करायचं ते कर. माझ्या पोटचा हाय, पर मी मधी यायची न्हाई.

स्वराली : मारत नाही. ग्रेसचं नावही घेणार नाही. पण मंगळवारी जाणार. त्यांनी मला विचारलं नाही, हे आजही खरंच आहे. बापाला विचारलं आणि मोकळे झाले. आता त्यांच्या बाजूच्या खुर्चीत तूही बस, अनीश.

अनीश : बसतो. स्वरा, शपथेवर सांगतो, पुरतात हे मला खरंच माहीत नव्हतं.

स्वराली : मलाही नव्हतं. जाळायचं की पुरायचं, ते मी विचारतच नाहीये.

अनीश : मग?

स्वराली : मी पलीकडच्या खोलीत होते. दार उघडं होतं. मी जागी होते, अनीश. मला का नाही विचारलंस?