खंड पडू देऊ नका, असं साहेब सांगायचे

थोडक्यात? हो, थोडक्यातच बोलणार. चौथीनंतर शाळा सुटली माझी, लांबवायला शब्द कुठून आणू?

आदरणीय अध्यक्ष मोठे साहेब, मंचावरची पाहुणे मंडळी, आज रिटायर होणारे आपले सुधीर साहेब, शेजारी बसलेल्या वहिनी, आणि मागे वड्यांच्या वासाकडे नाक करून बसलेले माझे भाऊबहिणी, सगळ्यांना पॅकिंगमधल्या सगुणाचा नमस्कार.

साहेबांनी आम्हाला काय दिलं? आम्ही मागितला होता पंखा. एक्याण्णव साली साहेब तीन दिवस लोणावळ्याला ट्रेनिंगला गेले आणि येताना विचार घेऊन आले. पंखा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला आम्ही अकरा बायका ओळीत. छातीवर हात, डोळे बंद, आणि म्हणा: "मी आनंदी आहे. मी या कंपनीची कायम कामगार आहे." आणि आम्ही तर सगळ्या टेंपरवारी! रखमाबाई भीत भीत म्हणाली, साहेब, आधी कायम करा, मग रोज दहा वेळा म्हणते. साहेब हसले. तसं नसतं म्हणाले, आधी मनात व्हायचं असतं.

आता मी कोपरच्या खाडीवरची कोळीण. आमच्यात होडी निघताना कुणी म्हणालं, आज भरपूर गावणार, तर म्हातारी त्याचं तोंड दाबते. दृष्ट लागते ना! म्हणून साहेबांचं वाक्य झालं की आम्ही अकराजणी कानशिलावर बोटं मोडायचो. कडाकड. चार दिवसांनी बघते तर साहेबपण मोडतायत. त्यांना वाटलं, लोणावळ्यालाच शिकवलेलं, आपणच विसरलेलो.

पण नियम पक्के हां साहेबांचे. झालंय असंच बोलायचं, होईल म्हणायचं नाही. आणि खंड पडू द्यायचा नाही, एक दिवस चुकला की सगळी शक्ती वाया. त्यासाठी प्रत्येकीला पिवळं कार्ड. रोजची तारीख, पुढे साहेबांची सही.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की बाईला कायम करावं लागतं. म्हणून दर सात महिन्यांनी आम्हाला ब्रेक. हजेरीपटावर आम्ही आठ दिवस घरी, आणि खरं तर इथेच बसून बाटल्या भरतोय. माझे मालक गेले तेव्हा मुलगी तिसरीत होती. ब्रेक लागला की मी रोज रात्री डब्यातले तांदूळ मापून बघायचे. नवव्या दिवशी नाव परत लागलं नाही तर पोरीला काय घालू? आणि सकाळी आठला मी आनंदी आहे.

त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत सरकारी अधिकारी आला, न कळवता. हजेरी लिहिणाऱ्या आपल्या पंढरीने पट समोर ठेवला. साहेब म्हणाले, या बाया हंगामी, अधूनमधून येतात. अधिकाऱ्याने आमच्याकडे बघून विचारलं, काय हो, तुम्ही कोण? झालं. आम्ही ओळीत उभ्या राहिलो, छातीवर हात ठेवला.

"मी या कंपनीची कायम कामगार आहे."

अकरा तोंडं, एक सूर. तो म्हणाला, पुरावा काय? आम्ही कार्डं काढली. ब्रेकच्या आठही दिवशी साहेबांची सही, तारखेसकट. दोन वर्षांत खंड नाही. साहेबांना असा घाम फुटला, आणि पंखा तर नाही.

सहा महिन्यांत अकराजणींना कायमची पत्रं मिळाली. आता बाया मला विचारतात, सगुणाताई, अशी वाक्यं म्हणून खरंच काही होतं का गं? होतं की. वाक्य आपण म्हणायचं, सही साहेबाची घ्यायची.

साहेब आता बाळकुमच्या नव्या जागेत राहायला चाललेत. वहिनी, रोज सकाळी त्यांना ओळीत उभं करा. साहेब, तुमच्या सह्यांवर माझी मुलगी बारावीला गेली, ते मी विसरणार नाही. मोठ्या साहेबांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. अडाणी बाईच्या तोंडून वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला.

थांबा, टाळ्या नको. तीन वर्षं साहेब पंढरीशी बोलत नाहीत. अधिकाऱ्याला चिठ्ठी त्यानेच लिहिली म्हणून. त्याची बढतीपण अडली. तो बघा, खाली मान घालून बसलाय. पंढरीने नाही लिहिली. मी लिहिली. त्याच्यावर आळ आला तेव्हा कायमचं पत्र हातात नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. पत्र मिळाल्यावरही गप्पच बसले.