कोबी छान झालाय

नाही, पण मी म्हणते, 'कोबी छान झालाय' असं म्हणायची मला काय अवदसा आठवली होती? बरं, झाला होता का छान? छे हो! तुम्हाला सांगते, ताटात कोबी म्हणून जे होतं ना, ते आधी पाण्यात भिजवलेलं, मग उकडलेलं, मग ते पाणी फेकून दुसऱ्या पाण्यात परत उकडलेलं, मीठ नाही, तिखट नाही, तेल औषधापुरतं, आणि रंग असा, की बादलीत बुडालेलं वर्तमानपत्र बरं. आणि समोर आमचे हे, एप्रन बांधून, हातात डाव घेऊन, उभे! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरात लायटर कुठे असतो हे या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि तोच माणूस माझ्यासाठी घामाघूम होऊन, चष्म्यावर वाफ धरलेली, त्यातूनच माझ्या तोंडाकडे बघतोय... गेलं तोंडातून. "छान झालाय." संपलं! त्या दिवसापासून घरात कोबी. सोमवारी कोबी, मंगळवारी कोबी, बुधवारी जरा बदल म्हणून कोबी बारीक चिरलेला.

तुम्ही म्हणाल, अहो पण हे असलं अळणी खायचंच कशाला? सांगते ना. किडन्या! डॉक्टर म्हणाले, "तुमच्या किडन्या थोड्या थकल्यात." थकल्यात! अख्खं आयुष्य मी थकले तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि किडन्या थकल्या तर लगेच चार माणसं गोळा. "खाणं सांभाळलंत तर अशाच बरीच वर्षं चालतील," म्हणाले, "नाही सांभाळलंत तर मशीनवर यावं लागेल." डायलिसिस हो. त्या खोलीचं दार समोरच होतं, अर्धं उघडं. आत माणसं खुर्च्यांवर रेलून पडलेली, हाताला नळ्या. मी एकदा बघितलं आणि मान फिरवली. हे मात्र बघतच राहिले.

मग आम्हाला आहारवाल्या बाईंकडे पाठवलं. गोड हो बाई, आवाज तर असा, की लहान बाळाला झोपवतेय. "ताई, आता आपण मीठ अगदी कमी करायचंय हं. आपण केळं नाही खायचं. टोमॅटो नाही, पालक नाही. बटाटा खावासा वाटला तर आपण तो चिरून भिजवायचा, उकडायचा, पाणी फेकायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. लोणचं नाही, चीज नाही, पाकिटातलं सूप तर मुळीच नाही." आपण, आपण, आपण! आपण म्हणजे कोण हो? मी निघताना बघितलं, बाईंच्या डब्यात भलीमोठी लोणच्याची फोड. आणि गंमत बघा, आजवर सगळे डॉक्टर काय सांगत आले? फळं खा, पालेभाज्या खा, पांढरा ब्रेड सोडा. आणि या म्हणतात, "पांढरा ब्रेड चालेल हं आपल्याला." अहो, चालत होता तर इतकी वर्षं तो भुशाचा ब्रेड मी कशाला चावत बसले?

पण त्या बाईंनी एक वाक्य फार चांगलं सांगितलं होतं. "ताई, मीठ कमी म्हणजे चव कमी असं नाही. लसूण वापरा, मिरी वापरा, लिंबू, व्हिनेगर, कोथिंबीर... आपण छान जेवायचं." हे वाक्य मी ऐकलं. ह्यांनी नाही ऐकलं! हे तेव्हा 'भिजवायचा, उकडायचा, पाणी फेकायचं' पाठ करत बसले होते.

आता आमचे हे म्हणजे काय, जन्मभर पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. काचेच्या नळीत थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं आणि 'हं' म्हणायचं. निवृत्त झाले तसे करायला काही उरलंच नाही बिचाऱ्यांना. घरी आल्या आल्या जाहीर केलं, "आजपासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. तू विश्रांती घे." विश्रांती! मी म्हटलं, अहो, किडन्या थकल्यात, हात नाही थकले. ऐकतील तर शपथ. मिठाचा डबा वरच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली ह्यांच्या खिशात. आणि जे बटाट्याला सांगितलं होतं ते ह्यांनी सगळ्यांनाच लावलं. दिसली भाजी की भिजव, दिसली की उकड, पाणी फेक. गाजर उकडलं, फ्लॉवर उकडला, कांदा उकडला, एकदा सफरचंद उकडायला निघाले तेव्हा मी हातातून काढून घेतलं. त्या पाण्याबरोबर पोटॅशियम निघून जातं म्हणे. जात असेल. पण त्याच्या मागोमाग भाजीही निघून जायची हो!

आणि एवढं करून जेवताना विचारायचं, "कसा झालाय?" आता काय सांगणार? आणि मुख्य म्हणजे, तेही तेच खायचे! डॉक्टरांनी ह्यांना काही सांगितलेलं नाही, ह्यांच्या किडन्या ठणठणीत, पण नाही, "तू अळणी खाणार आणि मी समोर बसून चमचमीत खाऊ?" समोर बसून तो उकडलेला कोबी चावायचे आणि डोळे मिटून गिळायचे. अशा माणसाला 'वाईट झालाय' कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा. मग काय... छान झालाय.

नणंदेचं तर विचारूच नका. रोज फोन. "वहिनी, मी ऐकलंय कोबीने रक्त शुद्ध होतं. वहिनी, तुमचा चेहरा फोनवरच उतरलेला वाटतो." आणि एक दिवस तिने पाकीट पाठवलं, कमी सोडियमचं मीठ. "वहिनी, हे बिनधास्त खा, हे मिठासारखंच लागतं आणि मीठ नसतं." माझा तर आनंद गगनात मावेना! मी कात्री शोधायला धावले, तोवर ह्यांनी पाकीट उलटं करून चष्मा कपाळावर चढवून वाचलं, आणि थंडपणे कपाटात कुलूपबंद केलं. मी म्हटलं, "अहो, ते मीठ नाहीये." हे म्हणाले, "यात सोडियम काढून पोटॅशियम घातलंय. तुला तेच नकोय." डॉक्टरांना विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर, हे खाल्लं असतंत तर हृदयावर बेतलं असतं. म्हणजे बघा, माणूस काही चुकीचा नव्हता. तेच तर दुखणं! माणूस साफ चुकीचा असता तर भांडले नसते का मी?

पण जेवणावरचं मन उडालं हो माझं. खोटं कशाला बोलू? भूक लागेना. दोन घास खायचे आणि ताट सारायचं. वजन उतरायला लागलं. आहारवाल्या बाई म्हणाल्या, "ताई, आपण खात नाही आहोत." त्या खातच होत्या, मी खात नव्हते. "असं न खाऊनही चालत नाही हं, अंगातली ताकद गेली की सगळंच कठीण होतं." आता आली का पंचाईत! खाल्लं तर किडन्या, नाही खाल्लं तर मी. आणि मला तर माहीत होतं ना, काय करायचं ते! एवढीशी लसूण, गरम कढई, बस्स. पण स्वयंपाकघराच्या दारात हे उभे.

मग एकदा ह्यांची दाढ दुखायला लागली. माझं मेलीचं मन बघा, मला आधी काय वाटलं? बरं झालं! दाताच्या डॉक्टरकडे गेले की दुपार जाते. हे गेले, आणि मी आत शिरले, चोरासारखी, माझ्याच स्वयंपाकघरात. ओट्यावर ह्यांनी उकडून निथळत ठेवलेला कोबी होताच. तो तसाच घेतला, म्हणजे पोटॅशियमचा हिशेब ह्यांचाच, माझी काही ढवळाढवळ नाही. कढई चांगली तापवली, चमचाभर तेल, लसूण ठेचून टाकली, ती लालसर होईपर्यंत हलले नाही तिथून. मग कांदा, मग कोबी पसरून टाकला आणि हात आवरला, कडा जराशा करपू दिल्या. शेवटी मिरी, जाडसर कुटलेली. व्हिनेगरचा एक थेंब... बरं, दोन. गॅस बंद करून लिंबू. वर कोथिंबीर. मिठाचा कण नाही, तुमची शपथ. उभ्याउभ्या कढईतूनच खाल्ला. आणि तुम्हाला सांगते, रडले मी. कोबी खाऊन रडणारी बाई बघितलीत का कधी तुम्ही?

तिथेच थांबले असते तर प्रश्न नव्हता. पण नाही, हौस! वाटलं, ह्यांनाही चाखू दे. वाटीत काढून ठेवला. हे आले, अर्धं तोंड बधिर, गाल लोंबतोय, त्या शुद्धीवर असलेल्या बाजूने एक घास घेतला. चावायचे थांबले. माझ्याकडे बघितलं. "मीथ," म्हणाले. मी म्हटलं, काय? "मीथ घातलंथ तू." अहो नाही हो, देवाशप्पथ! कपाट उघडलं, डबा बघितला, नणंदेचं पाकीट बघितलं, बंदच्या बंद. तरी नाही. "थेजारून आणलंथ." तोंडात मिठाची गुळणी धरून, तेवढंच काय ते मीठ त्या घरात, हे उठले, माझा कोबी डब्यात भरला, आपला उकडलेला दुसऱ्या डब्यात भरला, आणि दोन्ही डबे घेऊन, सुजलेल्या गालानिशी, चालू पडले. कुठे? आपल्या जुन्या प्रयोगशाळेत!

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. इतकी वर्षं संसार केला आणि माझ्या भाजीची तपासणी? मी ठरवलं, येऊ देत, आज सोडत नाही. चार वाक्यं तयार ठेवली होती, चांगली धारदार.

संध्याकाळी आले. दार उघडलं तर तिथेच उभे, दोन्ही हातांत दोन डबे. बधिरपणा उतरला होता. म्हणाले, "मीठ नाही." मी म्हटलं, मग? "दोन्ही डब्यांत सारखंच, कोबीचं स्वतःचं असतं तेवढं. माझ्या जागेवर आलेल्या पोराने थेंब टाकून दोनदा बघितलं, म्हणाला, साहेब, नमुना पिण्यास योग्य आहे." मी हसणार, तेवढ्यात हे मटकन खुर्चीत बसले. म्हणाले, "मला वाटलं, तू लपून मीठ खातेस. मला वाटलं, आता ती खोली." आणि चष्मा काढून पुसायला लागले, पुसतच राहिले. माझी चारही धारदार वाक्यं कुठे गेली कोण जाणे. हा माणूस घाबरला होता हो! इतके महिने घाबरून घाबरून सगळं उकडत होता, आणि मी आपली कोबीला नावं ठेवत बसले होते. मी जवळ बसले, म्हटलं, "अहो, मलाही भीती वाटते. पण जेवून घाबरू या की." मग आम्ही दोघांनी तो उरलेला कोबी तिथेच, डब्यातून, संपवला. बोटं चाटून हे म्हणाले, "मीठ नाही, तर मग हे इतकं चांगलं लागतं कसं?" मी म्हटलं, "स्वयंपाक म्हणतात त्याला."

तर स्वयंपाकघर मिळालं परत. भिजवायचं, उकडायचं ह्यांच्याकडे, पुढचं सगळं माझ्याकडे. हे शेजारी उभे राहून बघतात, 'हं' म्हणतात. मी पोटभर जेवते. परवा तपासणीला गेलो, डॉक्टर म्हणाले, "किडन्या आहेत तिथेच आहेत, वजनही सावरलंय, उत्तम!" आहारवाल्या बाईंनी विचारलं, "कसं जमवलं आपण?" मी तोंड उघडणार, तोवर हे खुर्ची पुढे ओढून, "त्याचं काय आहे, लसूण आधी लालसर होऊ द्यायची. कडा जराशा करपू द्यायच्या. लिंबू गॅस बंद केल्यावर, हे फार महत्त्वाचं." बाईंनी बाहेर बसलेल्या चार पेशंटांना आत बोलावलं. ते नवऱ्यांना घेऊन आले, बायकांना घेऊन आले. हे उभे राहिले! हातात डाव असल्यासारखा हात फिरवत, "व्हिनेगरचा एक थेंब... बरं, दोन." लोक माना डोलावतायत, एक जण म्हणतोय, साहेब, जरा सावकाश सांगा. आणि माझ्या शेजारची बाई, तिच्या नवऱ्याच्या हाताला डायलिसिसची पट्टी, माझा दंड धरून म्हणते कशी, "नशीबवान आहात हो ताई, असा करून घालणारा माणूस मिळाला!"

ह्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर त्या खोलीची भीती औषधालासुद्धा नव्हती. काय बोलणार? म्हटलं, "हो ना बाई. मी आपली नुसती खाते."