वाळूत लावलेली गाडी

—न्हाई न्हाई, उठू नका मामा, बसा. अण्णा येतीलच. पेढे आणायला गेलेत म्हणजे हलवायाला खवा कसा आटवायचा ते शिकवल्याबिगर परतणार न्हाईत. आमच्या अण्णांना सगळ्यातलं सगळं कळतं ना. मी? मी मुकुंद, शरयूचा भाऊ. हो, तोच, कॉलेज सोडलेला. तुमच्या आष्टीपर्यंत पोचली का ती बातमी? बराबर आहे, आमच्या घरातल्या वाईट बातम्यांना पाय जरा जास्तीच आहेत. आई आत पोहे करून राह्यलीय, शरयू तिच्याजवळ आहे, अन् मला हुकूम झालाय — रामरावमामांजवळ बस, त्यांना समुद्राच्या सहलीचं सांग, छान सांग, तोंड आवरून सांग. मंग ऐका, छान सांगतो.

येताना दारात ती हिरवी गाडी बघितलीत ना, डब्यासारखी? पोलीस ॲक्शननंतर मिलिटरीचा माल लिलावात निघाला त्यात अण्णांनी घेतली. जखमी शिपायांना वाहायची गाडी ती. अण्णांनी सुतार बसवला, आत दोन फळ्यांच्या खाटा केल्या, स्टोव्हला कपाट, कोपऱ्यात देव, मागच्या खिडक्यांना लोखंडी गज अन् आईच्या जुन्या लुगड्याचे पडदे. अन् नाव काय, तर फिरतं घर! म्हणजे कसं, हॉटेलातलं परक्या हातचं खायला नको, धर्मशाळेत कोणाच्या शेजारी निजायला नको. जग बघायचं पण जगाला शिवायचं न्हाई — हा आमच्या अण्णांचा प्रवास. पिण्याचं पाणीसुद्धा जालन्याचं, तांब्याच्या दोन घागरी भरून. हसता काय मामा, खरंच सांगतो, कोकणात, जिथं बघावं तिथं विहीर, तिथं आम्ही घरचं, मस्तगडच्या आडाचं पाणी पुरवून पुरवून पिऊन राह्यलो होतो.

गेल्या आश्विनातली गोष्ट. अण्णांच्या कोण्या दोस्तानं सांगितलं की कोकणात सरकारनं राखलेलं एक जंगल आहे, थेट समुद्राला टेकलेलं, सकाळी हरणं वाळूवर येतात. झालं. दसरा झाला की निघायचं, अन् कोजागिरीला समुद्र बघायचा. गाडी कोण चालवणार? मीच. पुस्तकं सोडली पण स्टिअरिंग धरता येतं, तेवढ्यापुरता मी कामाचा. नगर, पुणं, मंग तो घाट — आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती, अन् शरयू पुढं माझ्या शेजारी, खिडकीतून अर्धी बाहेर. मामा, तिला तुम्ही तेव्हा बघायला पाहिजे होतं. ती गाणं म्हणत होती हो. आमच्या घरात गाणं म्हणायची चोरी, पण घाटात अण्णांचं लक्ष माझ्या ब्रेकवर होतं, म्हणून तिनं म्हणून घेतलं. 'दादा, समुद्र दिसला की हॉर्न वाजव.' वाजवला मी. असा वाजवला की अण्णा ओरडले.

कोजागिरीच्या सकाळी पोचलो तिथं. एका अंगाला जंगल, सुरूची झाडं, पुढं वाळू — इतकी वाळू, इतकी सपाट, अन् समुद्र कुठं तर पार तिकडं, चांदीच्या रेघेसारखा. हरणं? एक न्हाई. पण अण्णा खूश. म्हणाले, गाडी खाली घे, वाळूवर. मी म्हणलं, अण्णा, इथं भरती येते, हे सगळं पाण्याखाली जातं, भूगोलात असतं ते. कसे बघितले माझ्याकडं! 'भूगोल? परीक्षेला बसायची हिंमत न्हाई अन् आम्हाला भूगोल?' आता बघा मामा, तुम्ही दुधना नदीकाठचे, तुम्हाला ही गोष्ट कळंल, पुण्यामुंबईच्या माणसाला न्हाई कळायची. आपल्याकडं दसरा झाला की नदी उतरते. गाड्या नदीच्या वाळूत सोडायच्या, वाळूत चूल मांडायची, हातानं झरा उकरायचा, पाणी प्यायचं. बाजाराला जाणारा प्रत्येक माणूस असाच उतरतो. नदीच्या वाळूइतकी बिनधोक जागा न्हाई, अन् एकदा उतरलेलं पाणी पुढच्या मिरगाबिगर परत येत न्हाई. अण्णांनी सबंध जन्म हेच बघितलं. त्यांनी समुद्राला जालन्याची कुंडलिका नदीच समजलं! वाळूत झरासुद्धा उकरला. पाणी लागलं, चाखलं, अन् थुंकले. तरी म्हणतात, खारवट विहिरी असतातच की. आपलं चुकलं असं माणूस म्हणंल? बिलकुल न्हाई.

तर गाडी वाळूत. अण्णा अन् आई वर सुरूच्या सावलीत चूल मांडून बसले. शरयूनं गाडीतच अंघोळ केली, धुतलेलं लुगडं झाडावर वाळत टाकायला आईकडं दिलं, अन् आत परकरावर केस पुशीत बसली. गाडीच्या मागच्या दाराला कडी बाहेरून. जखमींची गाडी ना, आतून उघडायची कोणाला गरज? तिकडून कोळ्यांची माणसं जाळी घेऊन जात होती, म्हणून अण्णांनी कडी लावून घेतली. पोरगी आत आहे, परके पुरुष आहेत, कडी लावलेली बरी.

पाणी आलं ते — कसं सांगू तुम्हाला — धावत न्हाई येत ते. मागच्या मागं येतं, बाजूच्या खाडीतून. आपण समोर बघत बसतो अन् ते चाकाखाली असतं. पुनवेची भरती, सगळ्यात मोठी. हेही भूगोलातच असतं. मी धावत जाऊन गाडी चालू केली, तर चाकं जागच्या जागी फिरून खाली खाली. कोळी ओरडत आले, दोर लावले, भली माणसं. पाणी चढून राह्यलं, अन् माझ्या पाठीमागं फळीवर धपधप, धपधप. मला आधी वाटलं भांडी आदळतात. मंग हाक आली. दादा, दादा, दार.

मी उडी मारली, मागं गेलो, पाणी कमरेला. दारात अण्णा उभे. कडीवर हात ठेवून उभे, मामा. मला वाटलं उघडतायत. ते धरून उभे होते. 'थांब. अंगावर धड लुगडं न्हाई पोरीच्या. दहा गडी बघून राह्यलेत. आधी गाडी निघू दे.' मी त्यांना ढकललं तर त्यांनी माझी कॉलर धरली. आई वर झाडाखाली लुगडं हातात घेऊन रडतेय — अहो उघडा, अहो उघडा — पण पाण्यात येत न्हाई, अण्णांनी हात करून तिथंच थांब म्हणलं म्हणून! आत पाणी खाटेवर गेल्तं. देव तरंगत होते, मागाहून बघितले मी. आधी ती हाका मारत होती, मंग नुसती धपधप, अन् मंग तेही बंद.

कोणी काढलं? एका कोळणीनं. टोपली फेकून आली, अण्णांच्या छातीवर असा हात दिला, ते पडले पाण्यात. कडी काढली, शरयूला खांद्यावर टाकलं, स्वतःच्या अंगावरचा पदर तिच्यावर घातला अन् गेली चालत वर. अण्णा वाळूवर बसून काय बोलले माहीत आहे? 'बाईनं शिवलं, सगळं ओवळं झालं.' त्या दिवशी मी त्यांचा मुलगा राह्यलो न्हाई. अजून याच घरात जेवतो, ते निराळं.

न्हाई, थांबा, तुम्हाला तर छान सांगायचं होतं. समुद्राची हवा मानवली, पोरीचा रंग उजळला — असं सांगायचं ठरलंय. अण्णा येऊन हेच सांगतील, तेव्हा तुम्ही नवं ऐकल्यासारखं करा. रंग उजळला म्हणजे काय, तर ती घराबाहेर पडत न्हाई. तांब्यातून पाणी ओतलेलं ऐकू आलं की भिंतीला हात लावते. अंघोळ ओल्या फडक्यानं. कुंडलिकेच्या पुलावर टांगा चढला तर तिची दातखीळ बसली. ती समुद्र बघून गाणारी पोरगी! अन् या मंडळींनी काय करावं? वैद्याला दाखवावं? छे, बोभाटा होईल. लग्न लावून द्या जल्दी, सासरी गेली की आपोआप सुधारते.

अन् सासर कोणतं, तर तुमचं. रागावू नका. तुमचा भाचा चांगला आहे, तुमच्याच घरी वाढलेला, मी चौकशी केली, तालुक्याच्या कचेरीत नोकरीला आहे, पान खात न्हाई. पण तुमच्या घरचा रिवाज मला माहीत आहे. अंगणात ती मोठी बारव, अन् नव्या सुनेनं पहिल्या सकाळी उतरून भरली घागर आणायची, सगळ्या भावकीसमोर. पायऱ्या उतरून, थेट पाण्यात पाय घालून. आहे ना रिवाज? मंग सांगा मला, तुमच्या बायका पायऱ्यांवर उभ्या, वाजंत्री वाजतंय, अन् ती तिथं गोठून गेली तर? काय म्हणाल तुम्ही? बाहेरचं लागलंय म्हणाल, आम्हाला फसवलं म्हणाल, अन् टांग्यात घालून परत आणाल. म्हणून म्हणतो, अण्णा यायच्या आत उठा. पोहे राहू द्या. मुलगी पसंत न्हाई म्हणा, नाक नकटं आहे म्हणा, काहीही म्हणा. माझी बहीण आहे, मी सांगतो, हे लग्न—

शरयू? तू कधीची उभी आहेस दाराशी?

आत जा ना. मामांशी बोलून राह्यलो मी. तुझ्याच भल्यासाठी... काय? मोठ्यानं बोल. तुला — तुला पाहिजे आहे हे लग्न? कशासाठी? या घरातून बाहेर पडायला? अगं पण ती बारव, पायऱ्या, तुला जमणार आहे का ते—

रोज? रोज दुपारी कुठं जातेस तू? मागल्या आळीतल्या दुर्गाबाईच्या विहिरीवर? आई निजली की? अन् उतरतेस? कितव्या पायरीपर्यंत... पाण्यापर्यंत?

मला कुठं बोललीस तू कधी?

न्हाई. न्हाई विचारलं मी. खरंय. कोणीच न्हाई विचारलं.

मामा, तुम्ही बसा. तिला काय सांगायचंय ते तीच सांगंल तुम्हाला. न्हाई, अण्णा आले तरी उठू नका.

जातो गं. जातो बाहेर. कळलं मला.