लाल डब्यावरचा चार

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आदरणीय सुमित्राताई, मंडळाचे सर्व पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती सत्यजित खळतकर, त्यांची कन्या हिमानी, आणि चँडलर, गिल्बर्ट, मेसाहून शनिवारची झोप मोडून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. ताईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मला दिसतंय. ताई, आज मी ती मर्यादा मोडणार आहे. का मोडली ते माझं बोलणं संपेपर्यंत आपल्याला कळेल, आणि कळल्यावर आपण रागावणार नाही असं वाटतं.

सत्यजित परवा दूर पूर्व किनाऱ्यावर, हर्नडनला जातोय. कंपनीनं बदली केली. अठरा वर्षं तो आपल्यात राहिला. या हॉलमधला हा माइक, या वायरी, मागचे दोन स्पीकर, सगळं त्याच्या हातचं. गणपतीत एकदा लाइट गेले तेव्हा आरती थांबू न देता अंधारात फ्यूज बदलणारा हा माणूस. नवीन आलेल्या किती मुलांना यानं विमानतळावरून आणलं असेल? मोजायला बसलो तर जेवण थंड होईल. पण मला त्याची एकच गोष्ट सांगायची आहे. तो काळजीपूर्वक काम करतो. स्क्रू उघडला की वाटीत ठेवतो, वाटीवर झाकण ठेवतो. अशा माणसाच्या घरातून एक चूक बाहेर पडली आणि ती माझी होती, हे मी आज सांगायला उभा आहे.

सत्यजित, तू डोळ्यांनी खुणावतोयस. मी बघितलं. मी थांबणार नाही.

आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे, सर्वांना नसेल, की सत्यजित, केदार, अवधूत आणि मी, असे आम्ही चौघं महिन्यातून दोन शनिवारी ऊन चढायच्या आत नेमबाजीला जातो. सगळ्यांची कागदपत्रं पूर्ण झाल्यावरच हे सुरू केलं, तेवढं शहाणपण होतं. पुढे सत्यजितला वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरायचा छंद लागला. उडवून झालेली पितळी केस पुसायची, तिच्यात नवी दारू मोजून घालायची, वर शिशाची गोळी बसवायची. आमच्या अवधूतच्या घरच्या अहिल्यावहिनींनी पहिल्यांदा ऐकलं, "सत्यजित गॅरेजमध्ये बसून दारू मोजून भरतो," तेव्हा त्यांनी काळजीनं त्याच्या घरी फोन केला होता. आठवतंय ना वहिनी? हसा, हसा. मलाही ती आठवण आवडते.

मग दोन वर्षांपूर्वी सत्यजितच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं. डॉक्टरनं विचारलं, "तू बॅटरीच्या कारखान्यात आहेस का?" उघड्या शिशाच्या गोळ्या हाताळून, त्यांचा धूर नाकात जाऊन झालं होतं. त्यावर उपाय म्हणजे लेप दिलेली गोळी. शिशावर रंगाचा पातळ थर चढवून तो भट्टीत भाजायचा. मग हाताला शिसं लागत नाही, बंदुकीच्या नळीत चिकटत नाही, धूर कमी. मी कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कारखान्यात दिवसभर थर चढवण्याच्याच यंत्रावर असतो, म्हणून यानं मला बोलावलं. आम्ही प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या आणि लाल भुकटी घालून हलवायचो आणि त्याच्या गॅरेजमधल्या जुन्या ओव्हनमध्ये भाजायचो. केदार यायचा आणि विचारायचा, "काय गुरुजी, नानकटाई किती वेळात होईल?"

एक गोळी हातोडीनं चेपून बघायची. थर सोलला नाही तर भाजणं नीट झालं. केसचं तोंड जरा जास्त उघडायचं, नाहीतर गोळी आत बसताना पितळेची धार रंग खरवडते आणि सगळी मेहनत वाया. हे सगळं सत्यजितनं मन लावून शिकून घेतलं. पहिल्या लाल गोळ्या ट्रेमधून निघाल्या तेव्हा मला आमच्या गावचा मारुती आठवला. परांडा तालुक्यात आमचं गाव. पिढ्यानपिढ्या शेंदूर चढून चढून देवाचे नाकडोळे दिसेनासे झाले होते. मी तिसरीत असताना एका सकाळी ते सगळं कवच एकदम गळून पडलं. आत लहानसा, झिजलेला, ओळखीचा नसलेला चेहरा. माणसं हात जोडून उभी होती, पण कुणी पुढे होईना. माझे वडील म्हणाले, "देव तोच आहे. आपणच त्याला इतकी वर्षं बघितलं नव्हतं." ते वाक्य मला या आठवड्यात वारंवार आठवलं.

कारण लाल रंग फक्त शिसं झाकतो. मागे दारू किती भरली आहे हे त्या रंगावरून कळत नाही.

लेप दिलेल्या गोळीला दारू किती हवी हे आम्ही पुस्तकातून घेतलं आणि तीन महिने मोजूनमापून तपासलं. अडतीस नंबरच्या रिव्हॉल्व्हरसाठी, आमच्या त्या दारूच्या हिशेबानं, चार ग्रेन. ग्रेन म्हणजे गुंजेहून लहान वजन. मी तो आकडा पुठ्ठ्यावर लिहून सत्यजितच्या टेबलावर लावला. "लाल", आणि पुढे चार. तसाच एक पुठ्ठा लाल गोळ्यांच्या डब्यावर. मी अंक मराठीत लिहितो. एकशिक्षकी शाळेत शिकलो, रोजची पोथी अजून वाचतो, तिची पानं त्याच अंकांनी मोजतो. हिशेब मनात मराठीतच होतो. सत्यजितला ते वाचता येत होतं, म्हणून कधी अडलं नाही.

आता जरा मनात मराठी चार काढून बघा. नंतर इंग्रजी आठ काढा.

काहींच्या चेहऱ्यावरून दिसतंय, त्यांना कळलं.

गेल्या महिन्यात सत्यजित सामान बांधत होता. हिमानी म्हणाली, बाबा, तुमच्या मित्रांना निरोपाची भेट म्हणून मी शेवटची बॅच भरते. ती बापाबरोबर अनेकदा बसली होती, हात स्वच्छ आहे तिचा, पण दारूचं माप आजवर बापानंच लावलं होतं. तीन डबे भरले, प्रत्येकी पन्नास. एक केदारला, एक अवधूतला, एक मला. वर रेशमी रिबन होती. अडतीसची केस उंच असते. दुप्पट दारू पडली तरी ती वर येत नाही, सांडत नाही, डोळ्याला दिसत नाही. त्यावर गोळी व्यवस्थित बसते. रंग खरवडलेला नाही, भाजणं उत्तम. इतकी सुंदर बॅच यापूर्वी झाली नव्हती.

केदारच्या कपाळावरची पट्टी आपण सगळ्यांनी बघितली. त्यानं सांगितलं, स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लागलं. ते खोटं आहे. ते खोटं बोलायला आम्हीच त्याला सांगितलं. गेल्या शनिवारी चौथ्या गोळीला त्याच्या रिव्हॉल्व्हरचा वरचा भाग फाटला. आवाज नेहमीचा नव्हता. मी शेजारी होतो, मला वाटलं डोंगराचा दगड सुटला. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून तीन टाक्यांवर निभावलं. उजव्या कानानं त्याला अजून कमी ऐकू येतं. मघाशी ताईंनी हाक मारली तेव्हा त्यानं वळून बघितलं नाही, तो उद्धटपणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझ्या गॅरेजमध्ये आम्ही माझ्या डब्यातल्या गोळ्या उपसून दारू तोलली. आठ. दुसरी, आठ. दहाव्या गोळीपर्यंत आठ. हिमानी माझ्या शेजारी उभी होती. तिनं फोनमधला पुठ्ठ्याचा फोटो उघडला आणि हळूच म्हणाली, "पण काका, तुम्हीच तर लिहिलंय. इट सेज एट."

मी तिला विचारलं, "बाळा, पुस्तक उघडून बघितलं नाहीस?"

ती म्हणाली, "तुमचं हँडरायटिंग होतं ना, काका. मग बुक कशाला?"

रविवारच्या मराठी शाळेत हिमानी माझ्याच वर्गात होती. बाराखडीपर्यंत आली, अंकांच्या धड्याआधी तिचं सॉकर सुरू झालं. मी तिच्या घरी म्हटलं होतं, राहू द्या, अंक काय, इंग्रजीत येतातच. म्हणून सांगतो, आज इथे कुणीही या मुलीकडे वळून बघू नका. बघायचं तर माझ्याकडे बघा.

सत्यजित मला म्हणाला, "निरोपाच्या कार्यक्रमात हे नको. पोरीचं नाव निघेल. मला शांतपणे जाऊ दे." बाप म्हणून त्याचं बरोबर होतं. मी शब्द दिला. तीन डबे परत घ्यायचे, दारू नष्ट करायची, विषय संपला. केदारचा आला. माझा होताच.

तिसरा आलेला नाही.

अवधूत, मी तुला आठवड्यात पाच फोन केले. तू मला काय म्हणालास ते मी इथे सांगतो, राग मानू नकोस. तू म्हणालास, "कायले टेन्शन घेतो गुरुजी? मी सहा उडवल्या यार, काही झालं नाही. माझी गन काही केदारसारखं खेळणं नाही." खरं आहे. तुझी रिव्हॉल्व्हर जड आहे, तिनं सहन केलं. मी म्हणालो, डबा परत दे. तू म्हणालास, "सेफमध्ये आहे, चावी माझ्याकडे आहे, मी बघून घेईन." मग परवा मी तुझ्या दारात येऊन उभा राहिलो. वहिनी आतून म्हणाल्या, चहा घेऊन जा. तू हसत हसत दार ओढून घेतलंस. मीही हसलो. शब्द दिलेला होता ना. वहिनींना एक वाक्य सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण चारचौघांत सत्यजितची मान खाली जाऊ नये, हिमानीला बोल लागू नये, अवधूतला वाटू नये की बायकोसमोर त्याला शिकवलं. सगळ्यांची अब्रू आम्ही जपत बसलो आणि दारू तिच्या केसमध्ये होती तशीच राहिली.

आज सकाळी देवापुढे बसलो तर मन लागेना. तेव्हाच ठरवलं, दिलेला शब्द मोडायचा.

म्हणून अहिल्यावहिनी, मी आता आपल्याशी बोलतोय. अवधूतशी नाही. जेवणाआधी आपण दोघांनी घरी जावं, सेफ उघडावी, आणि लाल गोळ्यांचा रिबनवाला डबा मला आणून द्यावा. सुट्या गोळ्या इतर कशात मिसळल्या असतील तर तो सगळा साठा आणा. लाल तेवढ्या सगळ्या. आम्ही थांबतो. वीस मिनिटांचा रस्ता आहे.

काय म्हणालात? वहिनी, जरा मोठ्यानं. कुणीतरी माइक द्या त्यांना.

सेफमध्ये नाही?

अवधूत, बस. त्यांना बोलू दे.

आपला मुलगा, नील घेऊन गेला. बरं. कधी? गुरुवारी. टूसानला, कॉलेजात. बाबांनीच चावी दिली, म्हणाले घेऊन जा, चांगल्या आहेत. वहिनी, आपल्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, आपला काही दोष नाही. गुरुवारी मी आपल्या दारात होतो तेव्हा नील गाडीत सामान भरत होता. मला "हाय काका" म्हणाला. मी त्याला विचारलं, कॉलेज कसं चाललंय.

त्याच्याकडची रिव्हॉल्व्हर कुठली? उन्हाळ्यात घेतलेली, ती लहान? हलकी? हो. मी बघितली आहे ती.

आणि शनिवारी सकाळी तो मित्रांबरोबर वाळवंटात जातो. आजही जाणार होता.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली आहेत.

अवधूत, तू फोन लावू नकोस. वहिनी, आपण लावा. स्पीकरवर ठेवा. हिमानी, तुझ्याकडे त्याच्या मित्रांपैकी कुणाचा नंबर आहे का? इन्स्टाग्रामवर असेल तर तिथे लिही. इंग्रजीत लिही, मोठ्या अक्षरांत. लाल गोळ्या उडवू नकोस, एवढंच. सत्यजित, तू टूसानच्या शेरीफच्या ऑफिसला फोन कर, कुठल्या बाजूला जातात ते अवधूत सांगेल. अवधूत, सांगशील ना? उठ. त्याच्याजवळ जाऊन बस.

रिंग जाते आहे. चांगलं आहे. रेंज आहे म्हणजे.

उचलत नाही. पुन्हा लावा. कानाला संरक्षण लावलेलं असलं की रिंग ऐकू येत नाही, त्याचा अर्थ दुसरा काही काढू नका. पुन्हा लावा, वहिनी.

ताई, माझी वेळ कधीच संपली. मला बोलू दिलंत, अध्यक्षपदावरून एकदाही घंटी वाजवली नाहीत, हे मी विसरणार नाही. मंडळानं हा कार्यक्रम ठरवला, स्वयंपाकघरात मंडळी सकाळी सहापासून राबत आहेत, त्यांचे आभार मानतो आणि त्यांना विनंती करतो की गॅस बंद करा, पानं अजून मांडू नका. सत्यजित, तुझ्या निरोपाचा दिवस मी असा केला. तू माझ्याकडे अठरा वर्षांत काही मागितलं नव्हतंस, एकदाच मागितलंस आणि मी ते मोडलं. जमलं तर माझी चूक पदरात घे. नाही जमलं तरी मला ते मान्य आहे. हिमानी, तुझी माफी मी सगळ्यांसमोर मागतो. वहिनी, आपली माफी मला आज मागता येत नाही. तो फोन उचलला जाईपर्यंत माझा तो हक्क नाही.

इथे मी थांबतो. कृपा करून टाळ्या वाजवू नका. आपल्या सगळ्यांना ती रिंग ऐकू आली पाहिजे.