मी पोट्टीच्या बाजूले बसली

ये व माय, अशी जवळ ये. दारात काऊन उभी राह्यली पाहुण्यासारखी? अन् त्या खुर्चीवर बसू नको, खुर्चीवर बसलं की माणूस खाली पाहून बोलते, मले आवडत नाही. मागच्या खेपेले लवकर येतो म्हणून गेली अन् वरीस लावलं, एक फोन नाही. बस आता चटईवर. अन् मी बोलते तसंच लिह्यजो, सुधरवू नको.

माहेर माह्यं जानेफळचं. आम्ही बौद्ध लोक, बाप दुसऱ्याच्या वावरात राबे, पण म्हणे पोट्टी शिकली पाह्यजे. मी दुसरीत होती. पाढा चुकला म्हणून मास्तरनं छडी हाणली, बोटं सुजून टम्म झाली, अन् त्या दिवसापासून मी शाळेचं तोंड पाह्यलं नाही. बाप समजावून थकला, माय रडली, मी नाही म्हणजे नाही. मग काय, सारी उमर निंदण अन् कापूस वेचणं. एका छडीनं माह्यं सारं आयुष्य वावरात गेलं, काय सांगू तुले.

माह्ये मालक वारले त्यानंतर मी तालुक्याच्या गावी चर्चच्या सिस्टर लोकायच्या वसतिगृहात सैपाकाले लागली. साठ पोरी. एक दिवस मनीषा नावाच्या पोट्टीनं गुळाचा खडा चोरला, मी रागारागात तिच्या थोबाडीत ठेवून देली. मोठ्या सिस्टर, लुसिया त्यायचं नाव, केरळकडच्या, त्या दारातच उभ्या. मी म्हटलं गेली माही नोकरी. त्या आत आल्या. माह्या बाजूले खाली बसल्या अन् लसूण सोलत राह्यल्या. पाचच मिनिटं असतीन, पण मले वाटलं दिवस गेला. मग माह्यंच रडू फुटलं. मी म्हटलं सिस्टर, चुकलं. त्या म्हणे आता तुम्ही मनीषाच्या बाजूले जाऊन बसा.

मग सांगत बसल्या. त्यायच्या संघाच्या पहिल्या गुरूनं म्हणे रस्त्यावरची पोरं जमवली होती, अन् सांगून ठेवलं, लेकराले धाकानं शिकवायचं नाही, समजावून शिकवायचं, देव मनात ठेवायचा अन् माया करायची. अन् माया नुसती पोटात ठेवून भागत नाही, लेकराले ते कळली पाह्यजे. म्हणून त्या सिस्टर सुट्टीत पोरीयसंग लंगडी खेळत, पदर खोचल्यासारखा झगा खोचून. चुकलेल्या पोरीले एकटं टाकत नव्हत्या, कोणी ना कोणी बाजूले बसे. मी म्हटलं सिस्टर, मी बुद्धाची, तुमचा देव मी काऊन धरू? हासल्या, म्हणे माहा देव नका धरू, लेकराले धरा. वाचणं त्यायनंच शिकवलं मले, भाकरी थापता थापता.

तर मागच्या उन्हाळ्याची गोष्ट. मी आता इथं वडनेरच्या अलीकडं लेकाच्या घरी राह्यते. शेजारची आरती सहावीत. वाचताना अडकते थोडी. मास्तरनं तिले तिसऱ्यांदा झेंड्याच्या खांबाजवळ उन्हात उभं केलं. तिच्या बापानं आधीच बजावलं होतं, आता उभं केलं त शाळा बंद, मजुरीले ये मायसंग. मी रस्त्यानं जाऊन राह्यली होती, पाह्यलं, अन् माही बोटं दुखाले लागली बाप्पा, साठ वर्षांमागची.

मी फाटकातून सरळ आत गेली अन् तिच्या बाजूले मातीत बसली. म्हटलं बस व तूही.

मास्तर आला. म्हणे आजी, हे काय उपोषण लावलं का? मी म्हटलं नाही बे, भूक लागली त अठीच भाकर खाईन. पोरं खिडकीतून खिदळले. हेडमास्तर आले, म्हणे ही तुमची कोण लागते? म्हटलं बाजूले बसाले नातं लागत नाही. त्यायनं खुर्ची आणवली, मी म्हटलं हे तुमच्या मास्तरले द्या, उभं राहून राहून थकला असन. मग आरतीले म्हटलं काढ धडा. ती वाचे, अडके, मी बोट ठेवून वाचून दाखवलं, त मीही अडकली. दोघी हासलो. घामानं निथळलो, पण धडा पुरा झाला. शेवटी हेडमास्तरनंच म्हटलं, जा व, वर्गात बस.

मास्तर सुधरला असं लिहू नको, नाही सुधरला. पण उन्हात उभं करणं बंद झालं. अन् आरतीचा बाप त्या रात्री दारात आला, पोट्टीचं दप्तर शिवायले सुई मागून गेला. आता सातवीत हाय ते.

लोक म्हणतात, म्हातारीले सिस्टर लोकायनं बाटवलं. मी सांगते, सकाळी उठून मी पंचशीलच म्हणते, विचारा माह्या सुनेले. पण चांगलं जे शिकली ते काऊन परत करू? कोणाच्या बापाचं भेव हाय मले?

शाळेनं आता निरोप धाडला, परवानगीबिगर फाटकाच्या आत यायचं नाही. हाव, नाही जात. फाटकासमोर निंबाचं झाड हाय, ते काही शाळेचं नाही. मधल्या सुट्टीत मी तठी चटई टाकते. काल नऊ पोरी होत्या, अन् एक पोट्टंही पुस्तक घेऊन आलं.

तू येजो लवकर, माय. शाळेच्या दिवशी ये, वरीस नको लावू. घरी शोधू नको मले, सरळ निंबाखाली ये. माह्या बाजूले जागा ठेवते.