सोनिवलीचा तोतया

— तिथंच बसा, ओटीवर. आत नको. सून बदलापूरला बाजारात गेलीय, मी एकटीच — नाय, एकटी कशाला, शेजारी माणसं हायेत. तर तुम्ही म्हणता तुम्ही जनू. माझा दीर. सव्वीस वर्षांनी!

तोतया म्हंजे काय, ठाऊक हाय? नात सांगत होती, जिज्ञासा — पानिपतावर भाऊसाहेब पडले, नि मागनं एक जण उभा राहिला, मीच भाऊ म्हणून. लोकांनी मानलं पण! दुसऱ्याचं नाव पांघरून येतो, तो तोतया. शब्द कुठनं आला, ते तिलाही नाय ठाऊक. मी म्हटलं, तोता — पोपट — पढवलेलं बोलतो, त्यातनंच असंल. तुम्हाला कोणी पढवलं? बिल्डरनं? जमिनीवर टॉवर उठतोय ना, आता सगळ्यांना नाती आठवतात.

विहिरीवर पडून हनुवटी फुटलेली? ते अख्ख्या गावाला म्हाईत. माझ्या लग्नात रुसून पेंढ्यात लपलात, मी लाडू दिला तेव्हा बाहेर आलात — ते... ते पण कोणी सांगितलं असंल.

जनू मेला, कळलं? भांडून गेला तो गेलाच. सात वर्षं वाट बघितली, मग कोर्टात मी शपथेवर सांगितलं, काय खबरबात नाय. देह नव्हता, तर दर्भाचा पुतळा केला. आमच्या मालकांनी अग्नी दिला — धोंडिबांनी, सख्ख्या भावानं. सातबाऱ्यावरनं नाव कमी झालं. सगळं रीतसर. पत्र? कसलं पत्र? — एकच आलेलं. सुरतहून. सहाव्या वर्षी. ‘वहिनी, दादाचा राग उतरला की कळव, येतो.’ नाय दाखवलं मी ह्यांना. दाखवलं असतं तर निम्मी जमीन — माझा प्रमोद तेव्हा चौदा वर्षांचा होता, मी काय करायचं होतं?

असा बघू नको माझ्याकडे. तुझा दादा मरेपर्यंत दर पितरांना तुझ्या नावाचं पान वाढायचा, नि कावळ्याला ठेवायला मीच जायची. मीच! तू जित्ता हायेस हे ठाऊक असून. कावळा शिवला नाय की हे जेवायचे नाय दिवसभर.

आता रडून काय? पाणी पी. ऊठ — सून येईल, प्रमोद येईल. मागच्या वाटेनं जा. नि कोणी हटकलं, नाव विचारलं — तर दुसरं कायतरी सांग.