डाव्या बाजूचा आवाज

हॅलो?… हो, मीच. बोल ताई… नाही, वाचत पडलो होतो. बोल ना… परत?… रेडिओचा डावा स्पीकरच ना?…

हो, हो… अगं ऐक ना. काल तुला आणून देण्याआधी माझ्या टेबलावर दिवसभर वाजत होता तो. दोन्हीकडून… बरं, तू म्हणतेस तर नसेल वाजत. माझंच काही राहिलं असेल.

काय केलं म्हणजे? सगळं सांगितलं की… बरं, पुन्हा सांगतो. आधी आवाजाचं बटण साफ केलं, खरखर तिथली होती. मग रेकॉर्डिंगचा खटका. तो आतून काळा पडला की एका बाजूचा आवाज जातो, म्हणून स्प्रे मारून बोट दुखेपर्यंत दाबत बसलो… कॅसेट आधी काढली होती. नाही पुसली तुझी गाणी. मग तारा नव्यानं जोडल्या. मग स्पीकरच बदलला… हो, पुस्तकात बघूनच. मी कधी म्हटलं मेकॅनिक आहे म्हणून?… दुकानवाल्यानं फेकून द्या सांगितलं, म्हणून तर तो रेडिओ माझ्या गळ्यात पडला.

कंटाळलो नाही गं… दमलो थोडा. आता परत उघडायचा म्हणजे…

थांब. एक करून बघ. कॅसेट नको, रेडिओच लाव. बातम्या चालतील… लागल्या? आता तो उलटा ठेव… पालथा नाही गं, डोक्यावर उभा. हँडल खाली… चेष्टा नाही करत. असं केलं की डावा स्पीकर उजवीकडे जातो, उजवा डावीकडे येतो. बिघाड आत असला तर तोही बाजू बदलेल… ठेवलास? आता कान लाव. नेहमी लावतेस तसाच, डावीकडे डावा, उजवीकडे उजवा…

डावीकडेच बंद?… नीट बघ ताई… आणि उजवीकडे खणखणीत. म्हणजे इतके दिवस जो मुका होता, तोच…

नाही, आहे मी. विचार करतोय.

ताई, फोन कुठल्या कानाला आहे?… नेहमी उजव्यालाच धरतेस?… डाव्याला घे बरं… सहज. घे ना.

घेतलास?… ताई?… ऐकू येतंय का?…

ताई, रेडिओला काही झालेलं नाही. तो केव्हाच दुरुस्त झालाय… हे तुला तोंडावर कसं सांगायचं ते मला कळत नाहीये. लहानपणी मला इंजेक्शनची भीती, तर तू माझा हात धरून बसायचीस दवाखान्यात. आता मला तसं बसता येईल का, कुणास ठाऊक…

हॅलो? हो, आहे… नाही, फोन बंद नव्हता पडला… फोनही बिघडलेला नाही, ताई. मी बोलत होतो… हो, सगळा वेळ. उजव्यालाच ठेव आता.

…हो. तेच म्हणतोय मी.

…म्हातारी नाही म्हटलं. मी फक्त कान म्हटलं… रडतेस?… मग नाक का ओढतेस?… सर्दी. बरं.

अगं, नुसता मळही असेल. साफ केला की झालं… हो, खटक्यासारखं… नाही, मी नाही उघडणार तुझा कान. कुठल्याही पुस्तकात बघून नाही. डॉक्टरकडे जायचं, उद्या सकाळी. येतो मी… एकटी कशाला जातेस? येतो म्हटलं ना.

मघाशी?… मघाशी काही विशेष नाही… तसंच आपलं… सांगेन, उद्या सांगेन. तिथं बाकावर बसलो की.

हो, आठवणीनं. तुझ्या उजवीकडेच बसेन… आणि तो रेडिओ सुलटा कर आधी. ठेवतो.